मीटर दीड व्होल्ट दाखवतो तेव्हा : घरच्या घरी लॉजिक प्रोब

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये पंच प्रेसवर माल मोजायचा एक काउंटर होता, चार आकडी, जुन्या पद्धतीचा, आत दहा-दहा मोजणारे ७४एलएस९० आणि आकडे पेटवणारे ७४४७ अशा आयसींची रांग. तक्रार एवढीच की ९९ झाले की परत ०० वर यायचा, शेकड्याचा आकडा काही हलायचा नाही. घरी आणला, सेन्सरच्या जागी ५५५ या टायमर आयसीचा छोटा ऑसिलेटर जोडून साधारण दहा किलोहर्ट्झ दिले आणि तिसऱ्या ९० च्या १४ नंबर पिनवर मीटर लावला, तर दीड व्होल्ट. मी म्हटलं पल्स येतायत, मीटर सरासरी दाखवतोय, म्हणजे पल्स येऊनही मोजत नाही म्हणजे आयसी गेला. आयसी बदलला. तसंच. दुसरा लॉट खराब असेल म्हणून हुबळीहून परत एक मागवला, बसवला, तसंच. मालक दोनदा येऊन गेले, "अहो काय झालं की त्याचं?" आणि मी आपला चहा सांगतोय.

त्यानंतर पहिलं काम केलं ते लॉजिक प्रोब बनवायचं, म्हणजे पिनला टेकवलं की ती वर आहे की खाली हे दिव्यानं दाखवणारं पेन. काउंटरचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो, आधी प्रोब.

मीटरचा दोष नाही म्हणा. डीसी रेंजवरचा मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो आणि मधल्या सगळ्याची सरासरी काढतो. डिजिटल सर्किटमध्ये आपल्याला सरासरी नको असते, पिन वर आहे, खाली आहे, हलतेय की मोकळी लोंबकळतेय हे चार प्रश्न असतात. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच मिटला, पण डिप्लोमाच्या पोराकडं किंवा आपल्यासारख्या रिपेरीवाल्याकडं तो नसतोय. आणि स्कोप असला तरी टेबलावर असतोय, प्रोब शर्टाच्या खिशात मावतो.

आता वर म्हणजे किती आणि खाली म्हणजे किती हे आधी डोक्यात पक्कं करा, सगळं डिझाइन त्यावरच उभं आहे. टीटीएल म्हणजे ७४, ७४एलएस, ७४एचसीटी या घराण्यात ०.८ व्होल्टच्या खाली असेल तर लो, २ व्होल्टच्या वर असेल तर हाय, मधलं सगळं बेवारस. सीमॉस म्हणजे सीडी४०१७, सीडी४०११ वगैरे, आणि ७४एचसी, यांचं गणित सप्लायच्या टक्क्यात चालतंय, ढोबळ मानानं ३० टक्क्यांच्या खाली लो आणि ७० टक्क्यांच्या वर हाय. बरेच सोपे प्रोब एक ट्रान्झिस्टर आणि दोन एलईडीचे असतात, ते हा मधला पट्टा दाखवतच नाहीत, कुठला तरी एक दिवा लावून मोकळे होतात. असला प्रोब मी बनवून बघितला होता, फेकून दिला. मधल्या पट्ट्यात दोन्ही दिवे बंद राहायलाच पाहिजेत, निम्म्याहून जास्त फॉल्ट तिथंच सापडतात.

सामान असं लागेल. एलएम३९३ (कंपॅरेटर, दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) एक, एनई५५५ एक, दोन्हीला आठ पिनी सॉकेट. रेझिस्टर सगळे पाव वॅट : ८.२के दोन, १२के एक, २२के एक, १के तीन, ४.७के एक, १०के दोन, १००के एक, १ मेग दोन. डायोड १एन४१४८ तीन, १एन५८१९ एक. कपॅसिटर ४७० पिकोचा एक (वर ४७१ लिहिलेलं असतंय), १० नॅनोचा एक (१०३), १०० नॅनोचे दोन (१०४), १ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक एक. लाल, हिरवा, पिवळा असे तीन एमएमचे एलईडी. छोटा स्लाइड स्विच. झिरो पीसीबीचा बोटभर रुंद तुकडा, दोन मगरक्लिपा, आणि एक जाड मार्कर पेन ज्याची शाई संपली आहे. मला सगळं मिळून दीडशेच्या आत पडलं, पण माझ्याकडं क्लिपा आणि स्विच भंगारातले होते.

दुकानात एक गोष्ट सांभाळा. मी गेलो तेव्हा काउंटरवरच्या अण्णांनी डबा हलवून बघितला, "थ्री नाइन थ्री इल्ल री, थ्री फाइव्ह एट घेऊन जावा, तेच चालतंय" म्हणून ३५८ हातात ठेवला. पिना सेम आहेत, त्यामुळं बसतो बरोबर, आणि दिवेही लागतात, म्हणून फसायला होतंय. पण ३५८ हा ऑप-अँप आहे, त्याचं आउटपुट वरून खाली यायला दहा-पंधरा मायक्रोसेकंद खातंय. छोटा पल्स आला आणि गेला तरी याला पत्ता नाही. ३९३ च घ्या, नसेल तर परत या.

आता सर्किट. आकृती नाही, पण मी पिन नंबरसकट सांगतो, कागद घेऊन सोबत काढत बसा.

सुरुवात सप्लायपासून. प्रोबला स्वतःची बॅटरी नाही, ज्या बोर्डाची तपासणी करायची त्याच बोर्डाचा सप्लाय घ्यायचा, लाल क्लिप प्लसला, काळी ग्राउंडला. असं का, तर सीमॉसचे टक्के त्या बोर्डाच्या सप्लायवरच ठरतात आणि ग्राउंड एक झाल्याशिवाय कुठलंच मोजमाप खरं नाही. लाल क्लिपच्या मागं लगेच १एन५८१९ सिरीजमध्ये घाला, उलटी क्लिप लावली तर प्रोब वाचेल. तिथं १एन४००७ घालू नका, तो पाऊण व्होल्ट खातोय आणि पाच व्होल्टमधून पाऊण गेला तर सगळे आकडे खाली सरकतात. ५८१९ एवढ्याशा करंटला ०.२ च्या आसपास खातो. डायोडच्या पुढची लाईन म्हणजे प्रोबचा प्लस, इथून पुढं प्लस म्हटलं की तोच.

मग रेझिस्टरची शिडी. प्लसपासून खाली या क्रमानं : २२के, ८.२के, १२के, ८.२के, ग्राउंड. वरच्या २२के च्या दोन टोकांवर स्लाइड स्विच, दाबला की २२के शॉर्ट. बस, एवढ्यात टीटीएल आणि सीमॉस दोन्ही झालं. १२के च्या वरच्या टोकाला हायची रेषा मिळते, खालच्या टोकाला लोची. २२के शॉर्ट नसताना एकूण ५०.४के, ५ व्होल्टवर हिशोब केला तर वर २.००, खाली ०.८१, म्हणजे टीटीएल. स्विचनं २२के शॉर्ट केला की एकूण २८.४के, वर ७१ टक्के, खाली २९ टक्के, म्हणजे सीमॉस. हे आकडे एवढे चपखल बसले तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो, कारण सगळ्या व्हॅल्यू साध्या दुकानात मिळणाऱ्या आहेत, प्रिसेट फिरवत बसायला नको. डायोडनं ०.२ खाल्ल्यामुळं माझ्या प्रोबवर प्रत्यक्षात १.९२ आणि ०.७८ आले. चालतंय.

एक मेख आहे, ती सांगितलीच पाहिजे. एलएम३९३ च्या इनपुटला सप्लायच्या दीड व्होल्ट खालपर्यंतच खात्रीनं काम करता येतं. १२ किंवा ९ व्होल्टवर काही अडचण नाही, ७१ टक्के आरामात आत बसतात. पण ५ व्होल्टच्या एचसी बोर्डावर प्रोबचा प्लस ४.८, त्यातून दीड गेला की ३.३, आणि आपली हायची रेषा ३.४१. म्हणजे हा आकडा आपल्या बेळगावसारखाच, सीमेवर. माझ्याकडच्या आयसीवर व्यवस्थित चालतोय, पण तुमच्याकडं सीमॉस मोडला ५ व्होल्टवर लाल दिवा लागायला कुरकुर करत असेल तर १२के च्या जागी १०के घाला, रेषा ३.३ च्या जवळ येते. मग टीटीएलचे आकडेही थोडे आत सरकतात, १.८ आणि ०.८१ असे, त्यानं फार बिघडत नाही.

टोकाकडून येणारी वायर आधी एका १०के मधून जाऊ दे. त्या १०के च्या पलीकडचा जो जोड, त्याला मी इनपुट म्हणतो. इनपुटवरून एक ४१४८ प्लसकडं, पट्टी प्लसच्या बाजूला, आणि एक ४१४८ ग्राउंडकडं, पट्टी इनपुटच्या बाजूला. चुकून १२ व्होल्टला टोक लागलं तर १०के मधून पाऊण मिलिअँपसुद्धा जात नाही, डायोड ते पिऊन टाकतो. याचा अर्थ मेनवर लावा असा नाही. एसएमपीएसची प्रायमरी बाजू, काँटॅक्टरची कॉइल, पॉवरलूमच्या मोटारीचं पॅनल, २३० व्होल्टचं जे जे आहे तिथं हा प्रोब न्यायचाच नाही. काळी क्लिप ग्राउंडला असते आणि दुसरं टोक तुमच्या हातात असतंय, लक्षात ठेवा.

आता ते दोन १ मेग. एक हायच्या रेषेपासून इनपुटला, दुसरा लोच्या रेषेपासून इनपुटला. यानं काय होतंय, तर टोक हवेत असताना इनपुट बरोब्बर दोन रेषांच्या मधोमध जाऊन बसतं, टीटीएलला १.४ च्या आसपास, सीमॉसला अर्ध्या सप्लायवर, स्विच कुठंही असो. आणि दोन्ही दिवे बंद. पिनवर भार पडतो तो जेमतेम ५०० के चा, त्यानं कुठल्याही जिवंत आउटपुटला फरक पडत नाही. इथं २.२ मेग किंवा ४.७ मेग घालायचा मोह होईल, भार अजून कमी म्हणून, पण ३९३ च्या इनपुटमधून बारीकसा करंट बाहेर येत असतो आणि रेझिस्टर मोठा झाला की तोच करंट इनपुटला वर ढकलायला लागतोय. १ मेग बरा.

एलएम३९३ ची जोडणी : पिन ८ प्लस, पिन ४ ग्राउंड. पिन २ इनपुटला, पिन ३ हायच्या रेषेला. पिन ५ इनपुटला, पिन ६ लोच्या रेषेला. पिन १ आणि ७ ही आउटपुट. यांची आउटपुटं ओपन कलेक्टर आहेत, म्हणजे फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत, त्यामुळं एलईडी प्लसकडून लटकवायचे. प्लस, लाल एलईडी, १के, पिन १. प्लस, हिरवा एलईडी, १के, पिन ७. टोक हायच्या वर गेलं की पिन १ खाली ओढतो आणि लाल लागतो, लोच्या खाली गेलं की पिन ७ ओढतो आणि हिरवा लागतो. पाच व्होल्टवर दिव्यातून तीनेक मिलिअँप जातात, आयसीची हमी सहा मिलिअँपची आहे. १२ व्होल्टवरही वापरणार असाल तर १के च्या जागी ३.३के घाला आणि एलईडी हाय ब्राइटवाले घ्या, नाहीतर पाच व्होल्टवर मंद दिसतील. पिन १ वरून प्लसला ४.७के सुद्धा लावा, त्याचं कारण पुढं येतंय. इथवर बांधलं तरी प्रोब झाला म्हणायचा, पण अर्धा.

कारण डोळा. एखाद्या पिनवर सेकंदाला एकदा, एक मिलिसेकंदाचा पल्स येत असेल तर लाल दिवा तेवढाच लुकलुकणार आणि आपल्याला दिसणार नाही, आपण म्हणणार पिन लोला अडकली आहे. म्हणून पल्स लांबवायला ५५५. हान्स कामेनझिंड यांनी हा आयसी सिग्नेटिक्ससाठी डिझाइन केला, १९७२ साली बाजारात आला, आणि अजून गल्लीतल्या दुकानात डब्यात पडलेला असतोय.

पिन ८ आणि ४ प्लसला, पिन १ ग्राउंडला, पिन ५ वरून १० नॅनो ग्राउंडला. पिन ६ आणि ७ एकमेकांना जोडून तिथून १००के प्लसला आणि १ मायक्रोचा कपॅसिटर ग्राउंडला, मायनस बाजू खाली. वेळ निघतो १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे ०.११ सेकंद, डोळ्याला छान दिसतो. पिन ३ वरून १के, पिवळा एलईडी, ग्राउंड. राहिला पिन २, ट्रिगर. ३९३ च्या पिन १ वरून ४७० पिको घेऊन ५५५ च्या पिन २ ला, पिन २ वरून १०के प्लसला, आणि उरलेला ४१४८ त्या १०के वर आडवा, पट्टी प्लसकडं.

कपॅसिटर मधे का, डायरेक्ट का नाही, हे मी पहिल्यांदा चुकलो म्हणून सांगतो. डायरेक्ट जोडलं तर टोक हायवर असेपर्यंत ट्रिगर खालीच राहतोय आणि पिवळा दिवा विझतच नाही. कपॅसिटर फक्त धक्का पुढं पाठवतो, एक वरची कड, एक चमक. आणि मघाचा ४.७के नसेल तर पिन १ फक्त एलईडीच्या आधारानं वर येतो, पुरता प्लसपर्यंत जातच नाही, मग धक्का अर्धा बसतोय आणि ५५५ कधी ऐकतो कधी ऐकत नाही. १०० नॅनोचे दोन कपॅसिटर दोन्ही आयसींच्या सप्लाय पिनांच्या अगदी अंगाला. ५५५ स्विच होताना सप्लायला चिमटा काढतो, हे नसतील तर प्रोब स्वतःच्याच पल्सला दचकतो.

बांधणी. मी रात्री बसलो होतो, बाहेर आषाढातला पाऊस, करंट दोनदा गेला, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तपकिरी आणि लाल पट्टी सारखीच दिसायला लागली. १२के आणि २२के मधे फरक फक्त पहिल्या पट्टीचा, एक तपकिरी, एक लाल. प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजून मगच डाग द्या, आळस केला तर शिडी उलटी होते आणि मग तास जातोय. बोर्डावर क्रम असा ठेवा : टोकाच्या बाजूला १०के आणि दोन डायोड, मग ३९३, मग दिवे, मग ५५५, मागं स्विच आणि वायरी. टोकापासून इनपुटपर्यंतची वायर जितकी आखूड तितकी चांगली. दिवे पेनच्या ज्या बाजूला बोट नसतं तिकडं तोंड करून, मी पहिल्यांदा बरोबर अंगठ्याखाली लावले होते.

टोकाला मी दाभण वापरली, पोती शिवायची, तिचं टोक आयसीच्या पायावर घसरत नाही. पण पोलादाला कथील धरत नाही, थेंब नुसता मोत्यासारखा घरंगळतो. मागचा इंचभर भाग पॉलिश पेपरनं खसाखसा घासायचा, चमक जाऊन करडा झाला की त्यावर तांब्याची बारीक तार दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळायची, पेस्ट लावायची, गन जरा जास्त वेळ धरायची. कथील तारेत झिरपलं की झालं. तरीही ओढून बघा. मग वरून अराल्डाइट, आणि टोकाचे पाच एमएम सोडून बाकी दाभणीवर श्रिंक स्लीव्ह चढवा, नाहीतर शेजारच्या दोन पिना एकदम टेकतात आणि चांगला आयसी आपणच मारतो. मार्करची निब आणि आतला शाईचा बोळा चिमट्यानं ओढून काढा, नळी स्पिरिटनं पुसा. मी पुसली नव्हती, आठवडाभर हात निळे.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे, तो तेवढ्यात येऊन उभा, "मामा, काय करूलालास? पोतं शिवणार काय?" त्याला तिथंच बसवून घेतला, तारा धरायला तिसरा हात लागतोच.

चालू करायच्या आधी दोन्ही आयसी सॉकेटमधून बाहेर. ५ व्होल्ट द्या, मोबाइलचा चार्जर आणि कापलेली यूएसबी वायर चालते, लाल-काळी ओळखून घ्या. सॉकेटवर पिन ८ ला ४.८ च्या आसपास, ३९३ च्या पिन ४ ला आणि ५५५ च्या पिन १ ला शून्य. ३९३ च्या सॉकेटच्या पिन ३ वर १.९ आणि पिन ६ वर ०.८ दिसलं पाहिजे, स्विच सरकवला की साधारण ३.४ आणि १.४. हे जुळलं तरच आयसी घाला.

मग पेन्सिल सेलची परीक्षा, ही मला फार आवडते कारण कुठलंही यंत्र लागत नाही. टोक मोकळं : दोन्ही दिवे बंद. टोक काळ्या क्लिपला : हिरवा. टोक लाल क्लिपला : लाल, आणि लावताक्षणी पिवळा एकदा चमकून विझतो. आता एक पेन्सिल सेल घ्या, मायनस काळ्या क्लिपला, प्लसला टोक टेकवा. टीटीएल मोडला सगळं अंधार, कारण दीड व्होल्ट मधल्या पट्ट्यात आहे. दोन सेल सिरीजमध्ये, तीन व्होल्ट : लाल. स्विच सीमॉसवर टाका, तेच दोन सेल : परत अंधार. एवढं बरोबर आलं तर रेषा जागेवर आहेत.

जर मोकळ्या टोकालाही दिवे थरथरत असतील तर तुमचं बोट दाभणीच्या उघड्या भागाला लागलंय, घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ अंगातून येतात. पिवळा कायम पेटलेला असेल तर पिन २ चा १०के सुटलाय का ते बघा. पिवळा कधीच नाही तर ४.७के किंवा ४७० पिको बघा, आणि दुकानदारानं ४७१ ऐवजी ४७ दिलाय का तेही बघा, आमच्याकडं असं झालंय.

वाचायचं कसं, ते हाताला सवय झाल्यावरच कळतं, पण सुरुवातीला एवढं लक्षात ठेवा. नुसता लाल म्हणजे हाय, नुसता हिरवा म्हणजे लो. दोन्ही मंद आणि पिवळा लुकलुकतोय म्हणजे क्लॉक चालू आहे, लाल जास्त उजळ असेल तर सिग्नल जास्त वेळ वर राहतोय. हिरवा ठणठणीत आणि पिवळा मधूनच चमकतोय म्हणजे बारीक पल्स, रीसेट किंवा चिप सिलेक्टच्या ओळीवर हे दिसतं. लाल ठणठणीत आणि पिवळा चमकतोय म्हणजे खाली जाणारे बारीक पल्स, ते परत वर येताना पिवळ्याला धक्का देतात. आणि काहीच नाही म्हणजे तीनपैकी एक : पिन मोकळी आहे, आउटपुट ट्रायस्टेटमध्ये (म्हणजे वर-खाली कुठंच न ओढणारं) आहे, किंवा दोन आउटपुट एकमेकांशी भांडतायत आणि मधेच कुठंतरी अडकलीत. एलएस टीटीएलची इनपुट पिन मोकळी सुटली तर ती स्वतःहून दीडच्या आसपास तरंगते. मीटरला तो व्होल्टेज वाटतो.

३.३ व्होल्टच्या बोर्डांना, ईएसपी३२ वगैरे, प्रोबला त्याच बोर्डाच्या यूएसबीच्या ५ व्होल्टवरून सप्लाय द्या आणि टीटीएल मोडला ठेवा. ३.३ च्या लॉजिकच्या रेषा पण ढोबळ मानानं याच्याच आसपास असतात, त्यामुळं जमतंय. ३.३ वर प्रोब चालवायला जाऊ नका, एनई५५५ ला साडेचार तरी लागतात.

वेगाची मर्यादा आहे. १०० किलोहर्ट्झपर्यंत बिनधास्त, त्याच्या वर ३९३ दमायला लागतो. ८ किंवा १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या पायाला लावून "अंधार आहे, क्रिस्टल गेला" म्हणू नका, एकतर प्रोबला तो वेग दिसत नाही आणि वरून टोकाच्या भारानं चालू क्रिस्टल बंद पडू शकतोय.

तर तो काउंटर. प्रोब घेऊन बसलो, टीटीएल मोड, क्लिपा लावल्या. दुसऱ्या ९० च्या पिन ११ ला टोक : हिरवा उजळ, लाल मंद, पिवळा भराभर. म्हणजे दशकाकडून पल्स निघतोय, ठणठणीत. तिसऱ्या ९० च्या पिन १४ ला टोक : अंधार. तिन्ही दिवे बंद. मधे बोर्डावरची पाच सेंटिमीटरची तांब्याची एक पट्टी फक्त. पट्टीवरून टोक सरकवत गेलो, एका माउंटिंग स्क्रूपर्यंत दिवे चालू, स्क्रूच्या पलीकडं बंद. स्क्रू आवळून आवळून बोर्डाला केसभर तडा गेला होता, भिंगातून बघितल्यावर दिसला. एक तार टाकली, दोन डाग.

आणि खरं सांगायचं तर मीटरनंही मला सांगितलं होतं. ९० ची ती पिन दहातल्या दोनच आकड्यांना वर असते, आठ आणि नऊला, म्हणजे २० टक्के वेळ. पल्स खरंच येत असते तर सरासरी पाऊण-एक व्होल्ट दिसली असती, दीड कुठून येणार. भाच्यानं हा हिशोब माझ्यासमोर वहीत करून दाखवला. काढलेले दोन्ही ९० चांगले आहेत, डब्यात पडून आहेत.